एकच टेस्ट, तोच कंटेनर

टेस्ट आपल्या यंत्रावर हिरवी (पास) आणि सीआयवर, म्हणजे कोड आपोआप तपासणाऱ्या सर्व्हरवर, लाल (फेल), इथून पुढे काय करायचं, याबद्दल आज बोलायचं आहे. बहुतेक ठिकाणी सगळा संच पुन्हा चालवला जातो. दुसऱ्या खेपेला तो हिरवा आला की कोड पुढे जातो आणि बिघाड तसाच आत राहतो. माझा आग्रह दोन अटींचा आहे. टेस्ट एकच चालवायची आणि कंटेनर, म्हणजे ती चालवायची बंदिस्त जागा, सीआयने वापरलेल्या त्याच इमेजमधून, म्हणजे साच्यातून, काढलेला हवा. यातली एक जरी अट सुटली, तरी मिळालेल्या निकालाचा अर्थ लावता येत नाही.

कंटेनर ही शेवटी लिनक्सवरची एक प्रोसेसच असते. तिला काय दिसावं हे नेमस्पेस ठरवतात आणि तिने किती वापरावं हे सीग्रुप ठरवतो. सीग्रुप २००८ साली कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) २.६.२४ या आवृत्तीत आले आणि कंटेनर चालवणारं डॉकर हे साधन २०१३ साली लोकांसमोर आलं. म्हणजे डीबगर, स्ट्रेस (प्रोसेस कर्नलकडे काय मागते ते दाखवणारं strace), लॉग ही आपली नेहमीची हत्यारं इथेही चालतात. फरक पडतो तो प्रोसेसला दिसणाऱ्या जगात. घड्याळ बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं. सामायिक मेमरीची जागा, म्हणजे डेव्ह-एसएचएम, डॉकरमध्ये मुळात ६४ एमबीच असते, त्यामुळे ब्राउझर उघडणाऱ्या टेस्ट मध्येच कोसळतात. आणि वापरकर्ता बरेचदा रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला, असतो. ‘वाचण्याची परवानगी नसलेली फाइल उघडली तर त्रुटी यायलाच हवी’ अशी टेस्ट लिहून पाहा. बाहेर ती पास होते आणि कंटेनरमध्ये फेल, कारण रूटला ती फाइल बिनदिक्कत वाचता येते. टेस्टही बरोबर, कोडही बरोबर, आणि निकाल लाल!

आता एक टेस्ट चालवायची म्हणजे नेमकं काय? पायथनच्या पायटेस्टमध्ये फाइलचं नाव, मग दोनदा अपूर्णविराम, मग टेस्टचं नाव, की काम झालं. गो भाषेत जरा सांभाळून. तिथे ‘रन’ फ्लॅगला दिलेलं नाव हा रेग्युलर एक्स्प्रेशनचा (अक्षरं जुळवून शोधायचा) नमुना असतो, त्यामुळे त्याच अक्षरांनी सुरू होणाऱ्या आणखी चार टेस्ट सोबत चालतात आणि आपण समजतो की एकच चालली. शिवाय गो पास झालेला निकाल साठवून ठेवतं. ‘काउंट’ फ्लॅगला १ दिल्याशिवाय टेस्ट खरंच चालली याची खात्री नाही. आणखी एक गोष्ट: तारा-चिन्ह किंवा डॉलर-चिन्ह असलेला नमुना अवतरणात टाकला नाही, तर बाहेरचा शेल (आपल्या आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम) तो आधीच उलगडतो आणि कंटेनरपर्यंत भलतंच काही पोचतं.

‘रन’ आणि ‘एक्झेक’ यांत लोक फार गोंधळ करतात, म्हणून इथे थोडं थांबतो. ‘डॉकर रन’ इमेजमधून नवा कंटेनर उभा करतं. ‘डॉकर एक्झेक’ चालू असलेल्या कंटेनरमध्ये आणखी एक प्रोसेस सुरू करतं. एक्झेकने चालवलेल्या टेस्टला आधीच्या टेस्टनी मागे टाकलेल्या तात्पुरत्या फाइली, कॅश असं सगळं भेटतं. रनने चालवलेलीला कोरी पाटी मिळते. म्हणून मी दोन्ही चालवतो आणि निकाल शेजारी-शेजारी ठेवतो. रनमध्ये पास, एक्झेकमध्ये फेल, तर दोष साचलेल्या कचऱ्यात शोधायचा. फक्त डेटाबेस वेगळ्या कंटेनरमध्ये असेल, तर रन केल्याने तो कोरा होत नाही हे विसरू नका. आणि कोड इमेज बांधताना आत कॉपी झाला असेल, तर तुम्ही एडिटरमध्ये केलेला बदल आत पोचलेलाच नसतो. कोडची फोल्डर बाहेरून माउंट करा, नाहीतर तासभर जुनाच कोड तपासत बसाल.

टेस्ट एकटी चालवल्यावर पास झाली, की लोक सुस्कारा सोडतात. माझ्या मते तपास तिथे सुरू होतो. याचा अर्थ बहुधा असा, की तिच्या आधी चाललेली कुठलीतरी टेस्ट तिला बिघडवते. आधीच्या टेस्टची यादी अर्धी करा, त्या अर्ध्या आणि शेवटी ही एक, असं चालवा. दोषी एकच असेल तर ४०० टेस्टमधून ती साधारण ९ फेऱ्यांत सापडते. क्रम यादृच्छिक असेल तर आधी सीड (तो क्रम ज्यावरून ठरतो तो आकडा) पक्का करा, नाहीतर प्रत्येक फेरीत वेगळाच खेळ.

एकटीही फेल होत असेल, तर डीबगर जोडायचा. पायथनच्या पीडीबीसारखा टर्मिनलवरचा डीबगर असेल तर डॉकरला ‘आय’ आणि ‘टी’ हे दोन्ही फ्लॅग हवेत. इनपुट बंद असेल तर तो थांबतो न थांबतो तोच बाहेर पडतो. पोर्टवरून जोडायचा असेल तर नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा) ९२२९ वर ऐकतो, पण मुळात १२७.०.०.१ वर, म्हणजे कंटेनरच्या आतल्या आत. जावामध्येही नवव्या आवृत्तीपासून नुसता पोर्ट क्रमांक दिला तर बाहेरून जोडता येत नाही. दोघांनाही सगळ्या पत्त्यांवर ऐकायला सांगावं लागतं. अनेक कंटेनर एका फाइलवरून चालवणाऱ्या डॉकर कंपोजची ‘रन’ आज्ञा तर फाइलमध्ये लिहिलेले पोर्ट उघडतच नाही. त्यासाठी ‘सर्व्हिस-पोर्ट्स’ हा फ्लॅग वेगळा द्यावा लागतो. एवढं करूनही ब्रेकपॉइंट (कोड जिथे थांबवायचा ती खूण) लागत नसेल तर आतला आणि बाहेरचा फोल्डरचा मार्ग जुळवून द्या.

कधी त्रुटीचा एक शब्दही न छापता सगळं संपतं. मग एक्झिट कोड, म्हणजे प्रोसेस संपताना मागे ठेवते तो आकडा, पाहा. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, प्रोसेस सक्तीने मारली गेली. मेमरीची मर्यादा ओलांडली का, हे डॉकरच्या ‘इन्स्पेक्ट’मधल्या ‘ओओएम-किल्ड’ या नोंदीत पाहावं. १३९ आला तर सेगमेंटेशन फॉल्ट (मेमरीत नको तिथे हात घातल्याचा बिघाड), म्हणजे बहुधा नेटिव्ह लायब्ररीत डोकवावं लागणार.

हे सगळं पाहायचं तर कंटेनर शिल्लक हवा. म्हणून तपासाच्या वेळी संपताच कंटेनर पुसणारा ‘आरएम’ फ्लॅग काढून टाका. थांबलेल्या कंटेनरमधूनही ‘सीपी’ने फाइली बाहेर काढता येतात, ‘कमिट’ने त्याची इमेज करून आत शेल उघडता येतो. व्हॉल्यूममधला (कंटेनरबाहेर साठवलेला) डेटा मात्र त्या इमेजमध्ये येत नाही.

राहिली ‘तीच इमेज’ ही अट. टॅग, म्हणजे इमेजला दिलेलं लेबल, सारखा म्हणून इमेज सारखी, असं नसतं. टॅग उद्या दुसऱ्या इमेजवर सरकू शकतो, आणि एकाच टॅगखाली एएमडी६४ आणि आर्म६४ अशा वेगवेगळ्या प्रोसेसरच्या इमेज असू शकतात. म्हणून सीआयच्या लॉगमध्ये टॅगऐवजी डायजेस्ट (इमेजच्या आतल्या मजकुरावरून काढलेली ओळख) छापा, सोबत सीडही. आर्मच्या लॅपटॉपवर ‘प्लॅटफॉर्म’ फ्लॅग देऊन एएमडीची इमेज चालते खरी, पण मध्ये क्यूएमयूचं (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या साधनाचं) अनुकरण असेल तर पीट्रेस, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसवर नजर ठेवायची सोय, मिळत नाही, म्हणजे जीडीबी हा डीबगर आणि स्ट्रेस दोन्ही बंद. तसा बिघाड शोधायला खरंखुरं एएमडी६४ यंत्रच लागतं.