सिलिंडरच्या काट्यावर विश्वास ठेवू नका

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली पुन्हा तेच. "दादा, रेग्युलेटरला लावायचं काट्याचं मीटर घेऊ का? गॅस किती उरलाय ते कळेल ना?"

नाही कळणार. हे बघा, मी घेऊन बसलोय. पाहुणे पाटावर, पुऱ्या कढईत, काटा मस्त हिरव्यात... आणि पंधरा मिनिटांत गॅस गुल.

घन, द्रव, वायू शाळेत झालंय, पुढे चला. सिलिंडरमधला गॅस म्हणजे ब्युटेन आणि प्रोपेन यांचं मिश्रण. ब्युटेन उणे 0.5 अंशाला उकळतो, प्रोपेन उणे 42 ला. ओट्याखाली हे दोघे खरं तर वायूच असायचे, पण दाबून भरलेत म्हणून द्रव.

आता इथे सगळे अडखळतात. सिलिंडरमध्ये खाली द्रव, वर त्याची वाफ. शेगडी पेटवली की वाफ बाहेर जाते, तेवढीच खालच्या द्रवातून तयार होते. मीटरचा काटा दाखवतो तो या वाफेचा दाब. द्रव 10 किलो असो नाहीतर 1 किलो, हा दाब जवळपास तोच. दाब ठरवतं तापमान, उरलेला गॅस नाही. (हो, केमिस्ट्रीवाले सर, मिश्रणात प्रोपेन आधी उडतो, दाब थोडा उतरतो. मान्य. पुऱ्या तळताना ते कळत नाही.)

पटत नाही? टपरीवरचा पारदर्शक लायटर घ्या. आत डुचमळतो तो ब्युटेनच. निम्मा संपला म्हणून ज्योत निम्मी होते का?

रिक्षावाले काका म्हणतील, "आमच्या सीएनजीचा काटा तर उतरतो!" उतरणारच. तो मिथेन. उणे 82 अंशांच्या वर त्याला कितीही दाबा, द्रव होत नाही. टाकीत 200 बारलाही वायूच. भर घालायला खाली द्रवच नाही, मग वापराल तसा दाब घसरतो.

माझा काटा हलला कधी माहितीये? डिसेंबरच्या पहाटे, तोही भरलेल्या सिलिंडरवर! मीटर कसलं, महागडा थर्मामीटर घेतलाय मी.

त्यापेक्षा ओलं फडकं फिरवा. वरचा पत्रा पटकन सुकतो, द्रव आहे तिथपर्यंत ओल टिकते. नाहीतर वजन करा. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्यावरच लिहिलेलं असतं, ते वजा करा.

आणि "शेवटी आडवा करते, दोन दिवस जास्त चालतो" लिहिणाऱ्या मावशी, हात जोडतो. आडव्या सिलिंडरमधून वाफेऐवजी द्रवच रेग्युलेटरमध्ये शिरतो, आणि त्या द्रवाचा वायू होताना तो अडीचशेपट फुगतो. आधी तो उभा करा, मग पुढची कमेंट लिहा.