सामन्याआधीचा मुक्काम

सभागृहात जमलेले क्रीडाशिक्षक, पालक आणि खेळाडू मित्रहो,

आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर ‘परगावच्या स्पर्धेसाठी संघाची तयारी’ असा छापला आहे. विषय मोठा आहे, परंतु मला त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी गेली कित्येक वर्षे भेटेल त्या मुख्याध्यापकांना आणि संस्थाचालकांना सांगत आलो आहे. परगावी हॉकी खेळायला जाणारा मुलांचा संघ सामन्याच्या दिवशी सकाळी तिथे पोचता कामा नये. तो आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचावा, संध्याकाळी त्याने त्याच मैदानावर तासभर चेंडू खेळवावा आणि रात्री जेवून वेळेवर झोपावे. खर्चाचा अंदाज कमी करायची वेळ आली की हा मुक्काम सर्वांत आधी खोडला जातो, आणि माझी आजवरची सगळी खटपट तो खोडला जाऊ नये यासाठी आहे. कारणे मी क्रमाने मांडणारच आहे, पण त्याआधी एका प्रवासाची हकिकत सांगणे भाग आहे, कारण माझे हे मत त्या एका दिवसात तयार झाले.

सोळा वर्षांखालील मुलांची निमंत्रितांची स्पर्धा होती. मैदान पुणे परिसरातले, टर्फचे, म्हणजे कृत्रिम गवताचे. संघात सोळा मुले. त्यांतली निम्म्याहून अधिक आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या वस्तीतली. कुणाची आई विड्या वळणारी, कुणाचे वडील यंत्रमागावर रात्रपाळी करणारे. ही मुले मैदानावर एकमेकांना तेलुगूत हाका मारत, आणि ‘इटु, इटु’ (इकडे, इकडे) म्हणून मागितलेला पास प्रतिस्पर्ध्यांना कळेपर्यंत निघून गेलेला असे. आमच्या गावाची ही एक जमेची बाजू आहे आणि प्रशिक्षक म्हणून मी तिला नेहमी उत्तेजन दिले. सामना दुपारी साडेबाराचा होता. सकाळी साडेसहाच्या सुमारास सुटणारी हुतात्मा एक्सप्रेस चार तासांत पुण्याला पोचते, म्हणजे दोन तास हाताशी राहतात, असा हिशेब संस्थेच्या कार्यालयात मांडला गेला आणि मीही त्यावर सही केली.

साडेपाचला स्टेशनवर जमायचे, म्हणून घरोघरी चूल तीन वाजता पेटली होती. मुले उत्साहाने रात्रभर झोपलीच नव्हती, हे मला त्यांच्या डोळ्यांकडे पाहून कळले. कडक भाकऱ्यांचे आणि शेंगाच्या चटणीचे डबे, स्टिकचा सुतळीने बांधलेला भारा, आणि गोलीच्या, म्हणजे गोलरक्षकाच्या, पॅडची ती अवाढव्य पिशवी. इथे बसलेल्यांपैकी कुणी गोलीचे सामान घेऊन दुसऱ्या वर्गाच्या डब्यात चढले असेल, तर त्यांना मी काय म्हणतो ते वेगळे सांगायला नको. डब्यातल्या एका आजोबांनी स्टिकच्या भाऱ्याकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, “काय रे बाळांनो, लेझमाचा कार्यक्रम आहे का?” आमच्या सेंटर फॉरवर्डने एक स्टिक सोडवून त्यांच्या हातात दिली आणि मोहोळपर्यंत त्यांना ड्रिबलिंग समजावून दिले. उतरताना त्या आजोबांनी सगळ्यांच्या डोक्यावरून हात फिरवला.

मोहोळ सोडल्यावर एकाने गाडीच्या नावाचे हुतात्मे कोणते म्हणून विचारले. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या आपल्या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले गेले, म्हणजे सोलापूरहून पुण्याचाच हा रस्ता, हे मी सांगितले तेव्हा डबा काही वेळ शांत झाला. संघाच्या प्रवासात वर्गात न होणारी अशी शिकवणूक होते आणि तिच्यासाठीही मुलांना बाहेर न्यावे, असे मला मनापासून वाटते.

कुर्डुवाडीला डबे उघडले आणि दौंड येण्याआधी रिकामे झाले. म्हणजे मुलांचे शेवटचे जेवण आठच्या सुमारास झाले. पुण्याला उतरल्यावर सिटी बस. सोळा मुले, दोन मोठी माणसे, भारा आणि पिशवी एका बसमध्ये मावेना, म्हणून दोन गट केले आणि दुसरा गट चुकीच्या थांब्यावर उतरला. सगळे मैदानावर एकत्र आलो तेव्हा बारा वाजायला दहा मिनिटे कमी होती. आधीचा सामना चालू असल्यामुळे मैदानात पाऊल टाकता येणार नव्हते. आदल्या दिवशी निवासाची सोय करता येणार नाही, पहिला सामना झाल्यावरच ती मिळेल, असे संयोजकांनी कळवले होते, आणि त्या ओळीवर मी तेव्हा भांडलो नाही याचे मला आजही वाईट वाटते.

आधीचा सामना संपला आणि मैदानावर पाण्याचे फवारे सुरू झाले. माझी मुले कुंपणाच्या जाळीला चिकटून पाहत होती. आमचा लेफ्ट हाफ, म्हणजे मधल्या फळीत डावीकडे खेळणारा, तेरा वर्षांचा, संघातला सर्वांत लहान, मला म्हणाला, “सर, चिखल नाही का होणार?” त्याचा प्रश्न अगदी बरोबर होता. मुरमाच्या मैदानावर आपण पाणी मारतो ते धूळ बसावी म्हणून, आणि जास्त पडले तर त्या दिवशी खेळ बंद. टर्फवर पाणी मारतात ते चेंडू वेगाने सरकावा आणि पडणाऱ्याचे कातडे सोलले जाऊ नये म्हणून. आत गेल्यावर त्याने वाकून हिरव्या धाग्यांवरून तळवा फिरवला, ओला हात चड्डीला पुसला आणि पुन्हा फिरवला. सराव म्हणावा तर तेवढाच झाला.

आता पुढे काय झाले ते क्रीडाशिक्षकांनी नीट ऐकावे. मुरमावर पंचवीस मीटरवरून मारलेला चेंडू येताना वेग हरवत येतो, आणि खड्यावर बसून कधी गुडघ्याइतका उडतो, कधी दिशा बदलतो. म्हणून मुरमावर शिकलेला मुलगा स्टिक जवळजवळ उभी धरतो, मनगट सैल ठेवतो आणि शेवटच्या उसळीची वाट पाहतो. ही वाट पाहणे हे त्याचे कौशल्य असते, आणि ते मीच त्याला तीन वर्षे शिकवलेले असते. ओल्या टर्फवर चेंडू उसळत नाही. तो ज्या वेगाने निघाला जवळजवळ त्याच वेगाने जमिनीला चिकटून येतो. तिथे गुडघे वाकवून, स्टिक जमिनीवर आडवी टाकून, चेंडू येण्याच्या आधीच वाट अडवावी लागते. आमच्या लेफ्ट हाफकडे पहिला पास आला, त्याने उसळीची वाट पाहिली, आणि चेंडू त्याच्या स्टिकशेजारून बाजूच्या रेषेबाहेर गेला. दुसरा तसाच गेला. तिसऱ्या वेळी त्याने माझ्याकडे पाहिले. आमच्या गोलीची तीच गत. मुरमावर त्याने लाथेने परतवलेला चेंडू चार-पाच मीटरवर मरायचा. इथे तो थेट डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, टोकावर उभ्या असलेल्या फॉरवर्डच्या स्टिकवर जाऊन पडायचा. पंधरा मिनिटांचे पहिले सत्र संपले तेव्हा आमच्यावर चार गोल झाले होते.

दुसऱ्या सत्रात एक झाला. तिसऱ्या सत्रात, मी काही न सांगता, त्या लेफ्ट हाफने डाव्या बाजूने आलेला एक जोरदार फटका गुडघा टेकून, स्टिक पूर्ण आडवी टाकून थांबवला. चेंडू स्टिकला चिकटल्यासारखा थांबला. त्याने मान वर करून आधी माझ्याकडे पाहिले आणि मग पास दिला. तिथून आमचा संघ हॉकी खेळू लागला. उत्तरार्धात आमच्यावर एकच गोल झाला आणि आम्हाला दोन पेनल्टी कॉर्नर मिळाले, पण स्पर्धा बाद पद्धतीची होती. सहा विरुद्ध शून्य. आता राहण्याचा प्रश्नच नव्हता. संध्याकाळी सहाला पुण्याहून सुटणाऱ्या त्याच हुतात्मा एक्सप्रेसने आम्ही परत निघालो. दौंडच्या पुढे दिवे मंद झाल्यावर तो माझ्याशेजारी येऊन बसला आणि म्हणाला, “सर, आत्ता कळालं होतं ओ.”

मी त्याला त्या वेळी उत्तर देऊ शकलो नाही. जे त्याला तिसऱ्या सत्रात कळले ते आदल्या संध्याकाळी तासाभरात कळले असते. तो तास त्याला देणे माझे काम होते.

कार्यवाहांनी चिठ्ठी पाठवली आहे. पंधरा मिनिटे उरली आहेत, आणि क्रमाने सांगायची म्हटलेली कारणे अजून तशीच आहेत. ती आता भराभर सांगतो.

आपल्या हॉकीच्या इतिहासात याचा दाखला आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकसाठी ध्यानचंद यांचा संघ मुंबईहून बोटीने आणि पुढे रेल्वेने गेला. पोचल्यावर थोड्याच दिवसांत, १७ जुलैला, जर्मनीशी झालेला सराव सामना त्यांनी १-४ असा गमावला. मग भारतातून अली दारा या खेळाडूला बोलावून घेतले, संघाने त्या हवेत आणि त्या ओल्या गवतावर कसून सराव केला, आणि १५ ऑगस्टला त्याच जर्मनीला अंतिम सामन्यात ८-१ ने हरवले. साऱ्या स्पर्धेत भारतावर झालेला गोल तेवढा एकच. त्या दोन सामन्यांमध्ये चार आठवडे होते. ध्यानचंदांच्या संघाला जुळवून घ्यायला वेळ लागला, तर आपल्या तेरा वर्षांच्या मुलाला तो लागणारच. उलटे उदाहरण १९७६ चे. १९७५ च्या मार्चमध्ये क्वालालंपूरला विश्वचषक जिंकलेला आपला देश पुढच्याच वर्षी माँट्रियलला सातवा आला, आणि ऑलिंपिकची हॉकी कृत्रिम टर्फवर खेळली गेली ती तिथे पहिल्यांदा. त्या अपयशाला इतरही कारणे होती, हे मान्य करूनच मी हे सांगतो आहे.

झोपेविषयी लांबण लावत नाही. पहाटे तीनला उठलेले मूल दुपारी साडेबाराला पहिल्या पंधरा मिनिटांत उशिरा वळते, आणि हॉकीत उशिरा वळणे म्हणजे गोल खाणे. जेवणाचेही तसेच. सामन्याआधी सुमारे तीन तास पोटभर जेवण व्हायला हवे, आणि ती वेळ गाडीच्या नव्हे, सामन्याच्या हिशेबाने ठरली पाहिजे.

पैशांचे सांगतो, कारण अडते तिथेच. त्या पराभवानंतरच्या वर्षी एका देणगीदारांनी संघाला नवे ट्रॅकसूट देऊ केले. मी त्यांना घरी जाऊन भेटलो, हा सगळा प्रसंग सांगितला आणि ती रक्कम मुक्कामासाठी मागितली. ते लगेच तयार झाले. आपल्या शहरात गणवेश शिवणाऱ्यांची काय कमतरता? जुन्या जर्सींवर नवे आकडे शिवून घेतले. मुक्कामाला धर्मशाळा मिळाली, अंथरूण-पांघरूण म्हणून प्रत्येकाने घरची सोलापुरी चादर नेली, आणि संध्याकाळी एका टर्फवर तासभर वेळ मिळाला. त्या तासात मी फक्त दोन गोष्टी घेतल्या, चेंडू थांबवणे आणि गोलीचे लाथेने परतवणे. दुसऱ्या दिवशी सामना २-२ असा बरोबरीत सुटला आणि आम्ही शूटआउटमध्ये हरलो. २३ मीटरच्या रेषेवरून निघून ८ सेकंदांत गोल करायचा, याचा सराव आम्ही केलेला नव्हता. तो दोष माझ्या सरावाचा होता, प्रवासाचा नव्हता, आणि पुढच्या वर्षी मला तो दुरुस्त करता आला.

मुलींच्या संघाविषयी दोन शब्द बोलल्याशिवाय मी खाली बसणार नाही. मुलींच्या बाबतीत पालक म्हणतात, “खेळू दे, पण मुक्काम नको.” त्यांची काळजी खरी आहे. पण तिचा परिणाम असा होतो, की मुलींचे संघ नेहमी सकाळी पोचतात, नेहमी दमलेले असतात, आणि मग मुलींचा खेळ कमी पडतो असे बोलले जाते. इथल्या पालकांना माझी विनंती आहे, की मुक्काम नाकारण्याऐवजी अटी घालाव्यात. शिक्षिका सोबत असलीच पाहिजे, दोन आयांचे भाडे संघाने भरले पाहिजे, खोलीला आतून कडी आणि जवळ स्वच्छतागृह असले पाहिजे, आणि ते आधी कुणीतरी जाऊन पाहिले पाहिजे. आम्ही हे केले तेव्हा सोबत आलेल्या एका आईने धर्मशाळेच्या चुलीवर अठरा जणांची आमटी केली आणि दुसऱ्या दिवशी मैदानाच्या कडेला तिचा आवाज सर्वांत मोठा होता.

शेवटचे, कामाचे. प्रवेशिका भरतानाच संयोजकांना लेखी कळवावे, की आमचा संघ आदल्या दिवशी येणार आहे आणि आम्हाला टर्फवर एक तास हवा आहे, त्याचे शुल्क असल्यास सांगावे. पत्र आधी गेले तर बहुतेक ठिकाणी वेळ मिळतो. पोचल्यावर तोंडी मागितला तर मिळत नाही. मुलांच्या बुटांचे तळवे त्या पत्राच्या आधी तपासावेत. साधे पळण्याचे बूट ओल्या टर्फवर घसरतात, तळाला बारीक रबरी गाठी असलेले लागतात. सर्वांना घेणे शक्य नसेल तर निदान गोली सोडून मागच्या फळीतल्या मुलांना तरी घ्यावेत.

त्या पत्राचा आणि खर्चाच्या अंदाजाचा नमुना मी टंकलिखित करून आणला आहे. प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. अंदाजात मुक्कामाची ओळ पहिली आहे, आणि ती तिथेच ठेवावी.