काळी पाच

(लघुमाहितीपटाचं निवेदन)

दृश्य: नागपूर, सीताबर्डीमागची गल्ली, सकाळ. अर्धं उघडलेलं शटर. कॅमेरा लाकडी जिन्याने वर चढतो.

मे महिना. नऊ वाजायचेत, तरी बर्डीवर ज्याच्या-त्याच्या डोक्याला दुपट्टा. खाली तर्री-पोह्यांच्या गाडीवर गर्दी आहे. आपल्याला त्या गाडीच्या बाजूने वर जायचंय. चौदा पायऱ्या आहेत, सहावी हलते, सांभाळून.

वर दहा बाय बाराची खोली. खिडकीत कूलर, भिंतीवर चार गिटार, कोपऱ्यात हार्मोनियम. गिटारच्या क्लासात पेटी कशाला, ते थोड्या वेळाने कळेल.

दृश्य: सरांचे हात, जवळून. खुंट्या पिळणं. तार छेडून कान देणं.

हे सर. पोरं सर म्हणतात, आपणही सरच म्हणू. साठी उलटली. वीसेक वर्षं ऑर्केस्ट्रात लीड गिटार वाजवली. गणपती आणि नवरात्रात विदर्भातलं क्वचितच एखादं तालुक्याचं गाव सुटलं असेल.

मे महिन्यात नागपुरात गिटार सुरात ठेवणं हे एक वेगळंच काम आहे. पोलादी तार तापली की किंचित लांबते, सैल पडते आणि सूर उतरतो. त्यावर उपाय म्हणून कूलर लावावा, तर त्याचा ओलावा लाकूड पितं आणि फुगतं. मग तारा वर उचलल्या जातात आणि दाबताना नव्या पोरांची बोटं सोलून निघतात. म्हणून कूलर सुरू असला की गिटार समोरच्या भिंतीवर, हवेच्या झोतापासून लांब. आज आमच्यामुळे कूलर बंद आहे, त्याची घरघर माइकमध्ये येत होती. त्यामुळे तासाभरात सर पाचव्यांदा तारा जुळवतायत. आम्ही पाचही वेळा ते टिपलं. संकलनात एकच ठेवायची होती, पण बाकीच्या कापवल्या नाहीत.

दृश्य: अकरावीतला मुलगा, मांडीवर गिटार. एक छोटी सुरावट. चुकते. परत. चुकते.

"थांब बे. घाई काहून करून राहिला? आधी सांग, हे कोणाचं?"

मुलाचा उजवा हात तारांवरून उठतो आणि कानाच्या पाळीला लागतो.

"चक बेरी, सर."

"हं. आता वाजव."

(तीन सेकंद नुसतं दृश्य. निवेदन नको.)

गवयांच्या घरात ही रीत आहे. उस्तादाचं नाव तोंडी आलं की हात आपोआप कानाला जातो. तीच रीत इथे अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या एका रॉकवाल्याला लागू झाली आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आमच्या कॅमेरामनला हसू आलं. सरांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्यानंतरचं चित्रीकरण जरा गंभीर आहे ते त्यामुळे.

दृश्य: गिटारच्या मानेवर डावा हात. एक बोट दोन तारांवर आडवं.

चक बेरी. जन्म 1926. पहिली रेकॉर्ड 1955 साली, शिकागोच्या चेस कंपनीची. त्याची खूण काय, तर हे बोट. नीट बघा. तर्जनी आडवी टाकून दोन तारा एकदम दाबल्या आहेत. दोन्ही एकदम छेडल्या की मोटारीचा हॉर्न वाजावा तसा ठसठशीत, थोडा उद्धट आवाज निघतो. मग तिसरी तार दाबून वर ढकलायची. सूर खालून घसरत येतो आणि शेजारच्या तारेच्या सुराला जाऊन भिडतो. सतारीवर याला मींड म्हणतील. सरही मींडच म्हणतात.

पोराची चूक इथेच होते. तो तार ओढतो, पण सूर सगळा वर पोहोचायच्या आधीच सोडून देतो.

दृश्य: भिंतीवरचं पोस्टर. कडा पिवळ्या, सेलोटेप वाळलेला. गळ्यात गिटार, ओठात सिगारेट.

हा कीथ रिचर्ड्स, रोलिंग स्टोन्सचा गिटारवादक. 1943चा, लंडनजवळच्या डार्टफर्डचा. 1961च्या ऑक्टोबरात डार्टफर्ड स्टेशनच्या फलाटावर त्याला प्राथमिक शाळेतला एक जुना सोबती भेटला. त्याच्या काखेत रेकॉर्ड्स होत्या, चक बेरीची आणि ब्लूजवाल्या मडी वॉटर्सची. इंग्लंडात तेव्हा सहजासहजी न मिळणाऱ्या. त्या सोबत्याचं नाव मिक जॅगर. दोन वर्षांच्या आत या पोरांच्या बँडची पहिली रेकॉर्ड निघाली आणि तिच्यावरचं गाणं चक बेरीचं होतं. 1964च्या पहिल्या अल्बमवर बेरीचं आणखी एक, 'कॅरल'. बँडचं नावही उसनंच. ते मडी वॉटर्सच्या गाण्यावरून घेतलं.

दृश्य: सर कॅसेटचा डबा उघडतात. पेन्सिलीने फीत गुंडाळतात.

आता डबा. हा डबा आम्ही फार वेळ दाखवतोय, याची जाणीव आहे. पण सगळं यातच आहे.

1980च्या दशकातली गोष्ट. सरांना स्टोन्सची एक कॅसेट मिळाली, ही मिळाली नसून कोणाकडून तरी आणलेली आणि परत न केलेली. तिच्यात 'कॅरल' होतं. सरांनी तो गिटारचा तुकडा बसवायला घेतला. पुस्तक नाही, शिकवणारा नाही. चार सेकंद ऐकायचं, बटण दाबायचं, मागे न्यायचं, परत चार सेकंद. फीत इतक्यांदा मागेपुढे गेली की एका जागी पातळ झाली आणि तिथे गाणं पाण्यात बुडाल्यासारखं ऐकू यायला लागलं. ती जागा आजही तशीच आहे. ऐका.

(कॅसेटचा मूळ आवाज, चार सेकंद. पुढे सरांची गिटार.)

टेप जुना, मोटर मंद. मंद मोटरवर सगळं थोडं खाली वाजतं, म्हणजे खालच्या सुरात बसवलेलं सगळं कार्यक्रमात अर्धा स्वर वर चढवायचं. सरांनी ते केलं आणि ऑर्केस्ट्रात वाजवलं. टाळ्या पडल्या. कोणी विचारलं की सांगायचे, रिचर्ड्सचं आहे. पुढे शिकवायला लागले तेव्हाही पोरांना हेच सांगायचे. बरीच वर्षं सांगितलं.

दृश्य: ऑर्केस्ट्राचा कृष्णधवल फोटो. झगमगीत कोट, कडेला अकॉर्डियन घेतलेला माणूस.

फोटोत कडेला उभे आहेत ते अकॉर्डियनवाले काका. एका कार्यक्रमानंतर, टेम्पोत सामान चढवताना ते सरांना म्हणाले, "हे त्या गोऱ्या पोराचं नव्हे जी. याचा मालक वेगळा आहे." आणि त्यांच्याकडची बेरीची कॅसेट हातात ठेवली.

सर सांगतात की त्या रात्री त्यांनी ती सलग दोनदा ऐकली आणि त्यांना लाज वाटली. रिचर्ड्सची नाही, कारण तो बेरीचं नाव घेत होता. लाज स्वतःची, आपण कोणाचं वाजवतोय हे विचारलंच नाही याची. हे सांगताना सर कॅमेऱ्याकडे बघत नाहीत. कॅमेऱ्याने हार्मोनियमकडे बघितलं.

दृश्य: हार्मोनियमचा भाता. बोट काळ्या पट्टीवर.

तर, पेटी. त्या कॅसेटमध्ये बेरीचं सगळ्यांना माहीत असलेलं 'जॉनी बी. गुड' होतं. 1958चं. सर वाजवायला गेले तर हात अडखळायला लागला. गिटारवाल्याला पांढरी तीन आणि पांढरी सहा आवडतात, कारण त्या पट्ट्यांत मोकळ्या तारा कामाला येतात. हे गाणं मात्र काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीचा सूर सा धरून. गिटारवाला आपणहून या पट्टीत कशाला जाईल?

उत्तर पियानोत आहे. 1952च्या शेवटच्या रात्री सेंट लुइसमध्ये जॉनी जॉन्सन नावाच्या पियानोवाल्याला ऐनवेळी माणूस कमी पडला आणि त्याने बेरीला बोलावलं. पियानोवाल्यांच्या बोटांना काळ्या पट्ट्या सोयीच्या, सॅक्सोफोनवाल्यांनाही. रिचर्ड्सचं म्हणणं असं की बेरीच्या गाण्यांच्या पट्ट्या जॉन्सनच्या पियानोतून आल्या असणार. सरांना हे एकदम पटलं. म्हणून इथे प्रत्येक पोराने आधी पेटीवर काळी पाच दाबायची, भाता सोडायचा नाही, आणि त्या सुरावर गिटार शोधायची. टॅब, म्हणजे कुठली तार कुठे दाबायची ते लिहिलेला तक्ता, बघायचा नाही. मोबाइल बाहेरच्या खोक्यात.

(खोक्यातले सात मोबाइल. एक वाजतोय.)

दृश्य: सर उभे राहतात. दोन्ही भूमिका एकटेच करतात.

1986च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमचा पहिला समारंभ झाला. बेरीला मानाने आत घ्यायला रिचर्ड्स उभा राहिला आणि त्याने सरळ सांगून टाकलं की या माणसाने वाजवलेलं एकूण एक आपण उचललंय. त्याआधी पाचच वर्षं याच बेरीने त्याला ठोसा लगावला होता.

त्याच वर्षी बेरीच्या साठीचा कार्यक्रम ठरला, सेंट लुइसच्या फॉक्स थिएटरात. बँड बांधायचं काम रिचर्ड्सने अंगावर घेतलं. तालीम सुरू झाली, गाणं 'कॅरल'. रिचर्ड्स पंचवीस वर्षं वाजवत आलेलं. बेरी थांबवतो. तार अशी नाही ओढायची. परत. थांबवतो. परत. कॅमेरे चालू आहेत, बाकीचे वादक जमिनीकडे बघतायत. ती चित्रफीत हक्कांमुळे आम्हाला इथे दाखवता येत नाही, पण सरांचं सादरीकरण त्याहून कमी नाही. बेरी झाले की भुवई वर, रिचर्ड्स झाले की जबडा घट्ट. एका क्षणी रिचर्ड्स कॅमेऱ्याकडे बघून काही बोलणार असं वाटतं, पण बोलत नाही. सूर परत खालून ओढतो.

पोरं हसून हसून लोळतात. मग सर खाली बसतात आणि त्या अकरावीतल्या पोराकडे बोट दाखवतात. "तेवढा मोठा माणूस परत परत करून राहिला. तुला काय झालं बे?"

प्रत्यक्ष कार्यक्रमात बेरीने ऐन गाण्यात रिचर्ड्सजवळ येऊन पट्टी बदलू या म्हटलं. रिचर्ड्सने मान हलवली. नाही. तेवढं एक त्याने ऐकलं नाही.

दृश्य: सिव्हिल लाइन्स. डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहाची पाटी, संध्याकाळ.

हे नागपूरकरांना ओळखीचं. वसंतराव विदर्भातले, मूर्तिजापूरचा जन्म, वाढले नागपुरात, शंकरराव सप्र्यांकडे शिकले. मग सुरेशबाबू माने, मग लाहोरात पतियाळावाले असद अली खाँ. आणि मनात कायम मास्टर दीनानाथ. त्यांच्या गाण्यात ऐकणाऱ्याला दीनानाथ सापडतात आणि वसंतरावांनी ते कधी झाकलं नाही. सर इथे दर महिन्याला येतात. गिटारवाला शास्त्रीय मैफलीला का येतो, असं आम्ही विचारलं. "काय उचलायचं ते पाह्यला," म्हणाले.

दृश्य: परत खोली. पोरं गोलात बसलेली. हात कानाला, एकामागून एक.

मग बेरी तरी कोणाचा? सरांनी ही साखळी पोरांकडून पाठ करून घेतली आहे. 'जॉनी बी. गुड'ची सुरुवात लुई जॉर्डनच्या बँडमधल्या गिटारवाल्या कार्ल होगनची. त्याने ती 1946च्या एका रेकॉर्डवर वाजवली होती, आणि हे बेरीने स्वतः मान्य केलंय. दोन तारांचा तो हॉर्न आधी टी-बोन वॉकर या ब्लूज गिटारवाल्याकडे ऐकू येतो. हात कानाला. होगन. हात कानाला. वॉकर. सगळ्यात लहान पोरगी आठ वर्षांची आहे, तिचे दोन्ही हात दोन्ही कानांना. तिला कोणी थांबवत नाही.

जॉनी जॉन्सनचं काय झालं? रिचर्ड्सने शोधलं तेव्हा तो सेंट लुइसमध्ये म्हाताऱ्या लोकांची बस चालवत होता. रिचर्ड्सने त्याला पियानोवर परत बसवलं. पुढे जॉन्सनने गाण्यांच्या श्रेयासाठी दावा लावला, तो फार उशीर झाला म्हणून फेटाळला गेला. बेरीच्याही पहिल्याच गाण्याच्या श्रेयात एका रेडिओ निवेदकाचं आणि आणखी एकाचं नाव घुसवलं होतं, पैशाच्या वाट्यासकट.

दृश्य: गच्ची, रात्र. उष्ण वारा. पोरं चटईवर, सर आकाशाकडे बोट करतायत.

1977 साली दोन व्हॉयेजर यानं सुटली. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे, पृथ्वीवरचे आवाज घेऊन. तिच्यावर 'जॉनी बी. गुड' आहे आणि त्याच तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. सर हे सांगतात तेव्हा एक पोरगा विचारतो, "सर, मग वर त्यांची ओळख झाली असेल काय?" सर बराच वेळ काही बोलत नाहीत. हा शॉट आम्ही लांब ठेवलाय.

दिवाळीनंतर ही खोली सोडायची आहे. मालकाला वर दुकान काढायचंय.

दृश्य: सकाळ. तोच मुलगा, तीच सुरावट.

पेटीवर काळी पाच. भाता धरलेला, दुसऱ्या पोराच्या हातात. तर्जनी आडवी, दोन तारा. तिसरी तार वर, आणखी वर. पोराचं बोट पांढरं पडलंय. सूर शेजारच्या सुराला जाऊन टेकतो, थोडा थरथरतो आणि टिकतो. पोरगा सरांकडे बघतो.

सर सहावी तार कानाजवळ घेऊन बसलेत. उतरली आहे परत.

"झालं काय तुमचं शूटिंग? कूलर लावा बे कोणीतरी."