वाचनालयातला संगणक

रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे आहे. १९६७ साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि शासनमान्य ग्रंथालये लहान गावांतही उभी राहिली. त्यांच्या मुक्तद्वार विभागात कोणीही यावे, वर्तमानपत्र उघडावे, तासभर बसावे. त्यासाठी सभासद व्हावे लागत नाही.

दरम्यान सातबारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, भरतीचे प्रवेशपत्र अशी कितीतरी कामे पडद्यावर गेली. २०२१ पासून पिकाची नोंदही शेतकऱ्याने शेतात उभे राहून ई-पीक पाहणीच्या ॲपवर स्वतः करावी, अशी अपेक्षा आहे. ऑनलाइन कामे ज्याला जमत नाहीत तो सेवा केंद्रात जातो, शुल्क देतो, पावती घेऊन परततो आणि पुढच्या वेळी पुन्हा त्याच दारात उभा राहतो. यात सेवा केंद्राचा दोष नाही. काम करून देणे हाच त्याचा व्यवसाय आहे आणि मागे रांग खोळंबलेली असते. शिकवायला मात्र निवांतपणा लागतो, आणि तो वाचनालयात मिळू शकतो. तिथे संगणक ठेवला, तर माणूस स्वतः माऊस हातात धरून चुकू शकतो, ओटीपी कोणाला सांगायचा नाही हे विचारू शकतो आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा विचारायला संकोचत नाही.

याची सर्वाधिक गरज स्त्रियांना आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७.१ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३३.३ टक्केच होते. पण संध्याकाळच्या वाचनालयात बाकांवर बहुतेक पुरुषच दिसतात, हेही मान्य केले पाहिजे. दुपारची वेळ स्त्रियांसाठी राखली नाही, तर नवा संगणकही त्याच मंडळींकडे जाईल.

संगणकासाठी राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानासारख्या संस्थेचे साहाय्य मिळू शकते. शिकवणाऱ्या माणसाचे काय, हा खरा प्रश्न आहे. २०२२ मध्ये अनुदान ६० टक्क्यांनी वाढले, तरी ‘ड’ या सर्वांत खालच्या वर्गातील गावच्या ग्रंथालयाला तेव्हा वर्षाला ४८ हजार रुपयेच ठरले. त्यातील निम्मी रक्कम वेतनाची, म्हणजे महिन्याला दोन हजार रुपये. कुलूप उघडण्यापासून पुस्तकांच्या नोंदींपर्यंत सारे त्या एकाच माणसाकडे असते आणि संगणक शिकवण्याची अपेक्षाही आता त्याच्याकडूनच केली जाते.