पागोळी आणि करवती काठ

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईच्या ओव्हल मैदानावर मधोमध उभे राहिले, तर पूर्वेला राजाबाई टॉवर, विद्यापीठ आणि उच्च न्यायालयाच्या व्हिक्टोरियन गॉथिक इमारती दिसतात आणि पश्चिमेला १९३०च्या दशकात उभ्या राहिलेल्या आर्ट डेको शैलीच्या निवासी इमारती. या दोन्ही शैलींच्या वास्तुसमूहाला २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. मी साड्यांचे नक्षीकाम आखते, आणि झाडे व शहरी वास्तू या दोहोंतून एक साडी घडवावी या विचाराने मी एका पावसाळ्यात याच परिसरात वही घेऊन हिंडत होते.

माझा पहिला आराखडा फसला. पदरावर इमारतींच्या आकृत्या आणि त्यांवर चढत गेलेली वेल, असे ते चित्र होते. ज्या विणकरांकडे मी ते घेऊन गेले, त्यांनी कागद बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाले, "ताई, ही दोन चित्रं आहेत. एकावर एक ठेवलीत एवढंच." त्यांचे म्हणणे खरे होते. पान आणि इमारत शेजारी मांडली, म्हणजे त्यांच्यात नाते निर्माण होत नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या दगडांत सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी कोरलेली पाने, पक्षी आणि प्राणी मला फार प्रिय आहेत. पण तिथे दगडाच्या अंगातूनच पान उमलते. माझ्या कागदावर ते नुसते येऊन बसले होते.

मग एका दुपारी जोराच्या सरीत मी एका जुन्या इमारतीच्या आडोशाला थांबले. समोरच्या भिंतीच्या भेगेत पिंपळाचे रोप होते. पक्ष्यांनी पिंपळाची फळे खाल्ली, की त्यांच्या विष्ठेतून बी अशा सांदीत पडते आणि चुन्यात साठलेल्या ओलाव्यावर रुजते. त्या रोपाच्या पानावर पडलेले पाणी शिरांवरून उतरत लांब, निमुळत्या टोकाशी जमत होते आणि तिथून थेंबाथेंबाने सुटत होते. ते टोक असे लांबलेले असते म्हणूनच पान लवकर निथळते. रोपाच्या जरा खाली सलग छज्जा होता. त्याच्या तळाला, कडेपासून थोडी आत, एक खाच ठेवलेली होती. पाणी छज्ज्याच्या पोटाखालून भिंतीकडे ओघळू लागले, की त्या खाचेशी अडते आणि तिथूनच त्याची पागोळी होऊन खाली गळते. पान आणि छज्जा, दोघांपुढे एकच काम होते: अंगावर आलेले पाणी कुठे सोडायचे. मला हवे असलेले नाते तिथे, माझ्या डोळ्यांपुढे गळत होते.

त्यानंतर मी आराखड्यातून इमारत काढून टाकली आणि पानही काढून टाकले. उरली ती छज्ज्याची आडवी रेघ आणि तिच्यावरून सुटणारे टोक. हे रूप कुठे विणायचे, याचे उत्तर विदर्भातल्या करवती काठाने दिले. भंडारा जिल्ह्यात विणल्या जाणाऱ्या या कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साडीत आडवा धागा वाहून नेणारे तीन धोटे चालतात, दोन काठांसाठी आणि एक अंगासाठी. काठाचा आणि अंगाचा आडवा धागा एकमेकांत अडकवताना तो सांधा दर काही ओळींनी सरकवत नेला, की करवतीसारखे दाते उठतात. काठाचे दाते वर चढतात, याचाच अर्थ असा, की दोन दात्यांमधला कोसा खाली उतरतो. सगळ्यांची नजर दात्यांवर असते. मी मधली जागा आखायला घेतली. कोशाचा नैसर्गिक रंग पिंपळाच्या तांबूस पालवीच्या जवळ जातो, म्हणून काठाला ओल्या शेवाळाचा काळपट हिरवा रंग घेतला, आणि त्या हिरव्यात कोशाची टोके पागोळीसारखी उतरू लागली.

मागावर आणखी एक गोष्ट घडली, आणि तिचा मला सर्वांत अधिक आनंद झाला. उभ्या-आडव्या धाग्यांत वळणदार रेषा येत नाही, तिच्या पायऱ्या होतात. पिंपळाच्या टोकाचा तो नाजूक बाक चौकटीच्या कागदावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरला, आणि आर्ट डेको इमारतींच्या माथ्यावर दिसतो तसाच टप्प्याटप्प्यांचा आकार आपोआप उमटला. पहिल्या चित्रात मी ओढूनताणून आणलेले शहर इथे धाग्याच्या स्वभावातून आले.

भिंतीतला पिंपळ वाढू द्यावा, असे मात्र माझे मुळीच म्हणणे नाही. त्याची मुळे सांध्यांत शिरून दगड फाकवतात, आणि जुनी वास्तू जपायची तर तो वेळीच मुळासकट काढायला हवा.

पहिल्या नमुन्यात सगळी टोके सारख्या लांबीची होती आणि काठ कोरडा वाटत होता. विणकरांनी दुसऱ्या नमुन्यात चार आखूड टोकांनंतर एक लांब टोक घेतले. तो काठ मी दोन्ही हातांनी उचलून खिडकीच्या उजेडात धरला, तेव्हा त्या लांब टोकाशी थेंब सुटण्याआधी क्षणभर थांबतो, तसे काहीसे दिसले. आता पदर आखायचा आहे, आणि तो बहुधा कोराच राहील.