भाकरी भारी आहे, पण सोबत काय वाढलंय?

ही बघा सोलापूरकडची मालदांडी ज्वारी. मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेलं हे जुनं वाण, आणि अजूनही भाकरीला लोक हीच ज्वारी मागतात. आता तर डाएटवालेपण हिच्या मागे लागलेत... ग्लुटेन नाही, फायबर भरपूर, १०० ग्रॅममध्ये साधारण १० ग्रॅम प्रोटीन, ४ मिलिग्रॅमच्या आसपास लोह. सगळं खरंय, पण नुसत्या भाकरीवर भागतं का? नाही भागत.

१९६० च्या सुमारास हैदराबादला पोषणशास्त्रज्ञ डॉ. सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी ज्वारीवरच जगणाऱ्या गरीब लोकांमधल्या पेलाग्रावर काम करत होते. या आजारात ऊन लागतं तिथली कातडी काळी पडून सोलते, जुलाब होतात, डोकं भ्रमिष्टासारखं होतं, म्हणजे नायसिनची (व्हिटॅमिन बी-३ ची) कमतरता. ज्वारीत ल्युसिन (प्रोटीनचा एक घटक) जास्त असतं म्हणून हे होतं असं त्यांचं म्हणणं होतं, पुढे त्यावर बरेच वाद झाले. पण दुखणं खरं होतं, आणि ते ज्यांच्या ताटात भाकरीशिवाय फारसं काही नव्हतं त्यांना झालं. "आमचे आजोबा भाकरी खाऊन ठणठणीत होते" म्हणणाऱ्यांनी हे पण बघावं जरा.

आता भरलेलं ताट घ्या. ज्वारीत लायसिन (प्रोटीनचाच आणखी एक घटक) कमी, ते पिठल्यातल्या हरभऱ्यात मिळतं, म्हणून पिठलं-भाकरीची जोडी जमते. शेंगदाण्याच्या चटणीत तेल आहेच, वर नायसिनपण चांगलं. जवसाच्या चटणीत ओमेगा-३, म्हणजे शरीराला लागणारी चांगली चरबी. लिंबू पिळलं, कच्ची हिरवी मिरची चावली की व्हिटॅमिन सी मिळतं आणि भाकरीतलं लोह अंगी लागायला मदत होते (आणि आपण जेवल्या जेवल्या चहा पिऊन तेच लोह अडवतो, असो). बी-१२ मात्र यातल्या कशातच नाही, त्याला ताक-दही पाहिजे, नाहीतर अंडी-मटण.

आणि हे ताट यायचं कुठून, तर रानातून. रब्बीला ज्वारीत करडईचे पट्टे, शेजारी हरभरा, करडई कोवळी असताना तिचीच भाजी, मधे आपोआप उगवलेल्या पाथरी, घोळ, तांदुळजा या रानभाज्या. पाणी आलं तिथं ऊस आला, बाकी रानात तणनाशकाचा पंप फिरतो, त्यात घोळ न् तांदुळजा पहिले जातात. रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळ मिळतो, ज्वारी बहुतेकदा बाजारातून विकत आणायची. त्यामुळे शहरातल्या हॉटेलात भाकरीची थाळी मिरवतेय आणि गावात पोरांच्या डब्यात चपाती-बटाटा.