एका तालुक्याचे आमदार : भाई गणपतराव देशमुख

पंढरपूरहून मिरजेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर सांगोला लागते. भीमेच्या पाण्यावर पोसलेला पंढरपूरकडचा ऊस इकडे येता येता विरळ होतो आणि त्याच्या जागी माळरान, बाभळी व डाळिंबाच्या बागा दिसू लागतात. पर्जन्यछायेत पडलेल्या या तालुक्याने १९६२ ते २०१४ या काळात एकाच माणसाला, शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकाप) एकाच लाल बावट्याखाली, अकरा वेळा विधानसभेत पाठवले. पक्षात ते ‘भाई’ गणपतराव देशमुख होते. तालुक्यात मात्र लहानथोर सगळे त्यांना आबासाहेबच म्हणत.

त्यांचा जन्म १० ऑगस्ट १९२६ रोजी झाला. मोहोळ तालुक्यातील पेनूर हे त्यांचे मूळ गाव. कायद्याचे शिक्षण घेतलेला हा तरुण ज्या पक्षात गेला, त्या पक्षाचे संस्थापक शंकरराव मोरे आणि केशवराव जेधे पुढे स्वतःच काँग्रेसमध्ये परतले, आणि त्यांच्यामागून सत्तेच्या वाटेने जाणाऱ्यांची रीघ पुढची अनेक वर्षे थांबली नाही. गणपतराव राहिले. त्यांच्या या निष्ठेचे कौतुक नेहमी होते, पण त्या निष्ठेची किंमत काय होती हे फारसे सांगितले जात नाही. विरोधी बाकावरच्या आमदाराला आपल्या तालुक्यासाठी प्रत्येक तलाव, कालव्याचे पाणी शेतापर्यंत नेणारी प्रत्येक चारी आणि प्रत्येक फाईल पाठपुराव्यानेच मिळवावी लागते.

अकरा विजयांच्या विक्रमापेक्षा त्यांचे दोन पराभव अधिक बोलके आहेत. १९७२ मध्ये ते हरले आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ मध्ये शहाजीबापू पाटील यांनी त्यांना अवघ्या १९२ मतांनी हरवले. तोवर वयाची पासष्टी उलटून गेली होती, राज्यात युतीचे सरकार आले होते आणि शेकापची ताकद काही मोजक्या तालुक्यांपुरती उरली होती. इतक्या थोड्या मतांनी झालेला पराभव पुष्कळांना घरी बसवतो. आबासाहेब मात्र १९९९, २००४, २००९ आणि २०१४ अशा पुढच्या चारही निवडणुका जिंकले.

सत्ता त्यांच्या वाट्याला दोनदा आली, आणि दोन्ही वेळा थोड्या काळासाठी. १९७८ च्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात ते मंत्री होते. १९९९ नंतर विलासराव देशमुख यांच्या मंत्रिमंडळात पणन आणि रोजगार हमी ही खाती त्यांच्याकडे होती. रोजगार हमी योजना म्हणजे १९७२ च्या दुष्काळातून उभे राहिलेले काम, आणि दुष्काळी तालुक्याच्या आमदाराला ते खाते शिकवावे लागत नाही. २००२ मध्ये शेकापने त्या सरकारचा पाठिंबा काढून घेतला.

मंत्रिपद असो वा नसो, त्यांच्या राजकारणाचा कणा पाणी हाच होता. नीरा उजव्या कालव्याचे पाणी सांगोल्याला मिळते ते शेवटच्या टोकाला. वरच्या अंगाची शेते भिजून झाल्यावर चारीत जे उरेल, ते टोकाच्या शेतकऱ्याचे. म्हणून ‘टेल टू हेड’, म्हणजे आधी टोकाला पाणी द्या आणि मग वर या, ही मागणी इथल्या प्रत्येक सभेत ऐकू येते. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारात लढलेले नागनाथअण्णा नायकवडी यांनी आटपाडीत तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद उभी केली, तेव्हा गणपतराव त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते. ‘कृष्णेचे पाणी आम्हालाही द्या’ एवढ्यावर ही परिषद थांबली नाही. पाण्याचे समन्यायी वाटप व्हावे, असा तिचा आग्रह होता. कऱ्हाडजवळ टेंभू येथे कृष्णेवर बंधारा बांधून टप्प्याटप्प्याने पंपांनी उचललेले पाणी आज कडेगाव, खानापूर, आटपाडी असे करत सांगोल्याच्या शिवारापर्यंत येते. त्यामागे अभियंत्यांचे कौशल्य आहे, वेगवेगळ्या सरकारांचा पैसा आहे आणि वर्षानुवर्षे चाललेले मोर्चेही आहेत. त्याचे श्रेय एकट्या आमदाराला देणे आबासाहेबांनाही रुचले नसते, असे वाटते.

पाणी येईपर्यंत तालुक्याने थांबून कसे चालणार होते? थोड्या पाण्यावर येणारे डाळिंब इथल्या शेतकऱ्याने हेरले. ठिबकच्या नळ्या, शेततळी आणि बहार धरण्यासाठी, म्हणजे हव्या त्या हंगामात फुले-फळे यावीत म्हणून, पाणी तोडून बागेला ठरवून दिलेला ताण या जोरावर सांगोल्याचे डाळिंब देशभर गेले. डिसेंबर २०२० मध्ये देशातली शंभरावी किसान रेल्वे सुटली ती याच सांगोल्यातून, पश्चिम बंगालमधील शालिमारसाठी. अलीकडे तेल्या व मर या रोगांनी आणि खोडकिडीने अनेक बागा काढून टाकाव्या लागल्या, हेही इथे नोंदवले पाहिजे. शेतीबाहेरचा रोजगार म्हणून सहकारी सूतगिरणी उभी राहिली. कापूस हे ज्या तालुक्याचे मुख्य पीक नाही तिथे सूत काढायचे, हे धाडसच होते.

एसटीत आमदारांसाठी राखीव आसन असते. बहुतेक गाड्यांत त्यावर आमदार सोडून बाकी सगळे बसतात. गणपतरावांनी मात्र त्या आसनाचा वापर आयुष्यभर केला, आणि सांगोल्याच्या स्थानकावर उतरणारा आमदार लोकांना सहज गाठता येई. निवेदन हातात द्यायला वेगळी वेळ मागावी लागत नसे.

२०१९ मध्ये त्यांनी निवडणूक लढवली नाही. नातू अनिकेत देशमुख उभे राहिले आणि ७६८ मतांनी हरले. समोर होते तेच शहाजीबापू पाटील. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात आबासाहेबांचे निधन झाले. २०२४ मध्ये दुसरे नातू बाबासाहेब देशमुख सांगोल्यातून शेकापचेच आमदार म्हणून निवडून आले, आणि त्या निवडणुकीच्या प्रचारातही सभा कोणत्याही पक्षाची असो, बोलणे पाण्यावरच येत होते.